काठ सोडलेला कॅमेरा

आज मला आपल्याशी एका अगदी लहान यंत्राविषयी आणि एका अगदी मोठ्या मुलखाविषयी बोलायचे आहे. यंत्र म्हणजे तळहातावर सहज मावेल एवढा, पाण्याला न भिणारा कॅमेरा. मुलूख म्हणजे कॅनडाचा आणि अमेरिकेच्या उत्तर सीमेवरचा सरोवरांनी व नद्यांनी विणलेला अरण्यप्रदेश. त्या मुलखात माणसे आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस होडीने भटकतात आणि त्या भटकंतीची चित्रफीत घेऊन परत येतात. अशा चित्रफिती आज आपल्याकडेही घरोघर पाहिल्या जातात. त्या पाहताना आपण नेमके काय पाहतो, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे काय पाहत नाही, याचा थोडा विचार करावा, असा माझा हेतू आहे.

प्रथम होडीची ओळख करून घेऊ. तिला तिकडे कनू म्हणतात. दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी आणि वजनाला हलकी अशी ही होडी. आपल्या खाडीतल्या होडीचे वल्हे बहुधा होडीच्या काठाला अडकवलेले असते आणि वल्हवणाऱ्याची पाठ पुढच्या दिशेला असते. कनूचे तसे नाही. तिचे वल्हे मोकळे असते, ते दोन्ही हातांनी धरावे लागते, आणि वल्हवणारा गुडघ्यांवर किंवा आसनावर बसून समोर पाहत जातो. ही होडी त्या भूमीच्या मूळ रहिवाशांची निर्मिती आहे. ज्या भूर्ज कुळातील झाडाच्या सालीवर आपल्या पूर्वजांनी काश्मिरात पोथ्या लिहिल्या, त्याच कुळातील तिकडच्या झाडाची साल काढून, देवदारासारख्या हलक्या लाकडाच्या बरगड्या तिला आतून बसवून, झाडांच्या मुळ्यांनी शिवून आणि सांध्यांना राळ लावून ती तयार होत असे. आज ती कृत्रिम धाग्यांचीही करतात. पण तिची आकृती फारशी बदललेली नाही.

ती इतकी हलकी का, याचे उत्तर त्या मुलखाच्या रचनेत आहे. एक सरोवर संपते, मध्ये जमिनीचा पट्टा येतो, मग दुसरे सरोवर लागते. नदीत मध्येच खडकांवरून उसळत जाणारा उतार येतो; भूगोलाच्या पुस्तकात त्याला द्रुतवाह म्हणतात. अशा ठिकाणी होडी पाण्याबाहेर काढावी, उलटी करून खांद्यावर घ्यावी आणि पायवाटेने पलीकडच्या पाण्यापर्यंत न्यावी, हाच राजमार्ग. या वाहून नेण्याला तिकडे पोर्टेज असे फ्रेंच नाव आहे. होडीच्या मध्यभागी एक आडवी फळी असते आणि तिला खांद्यांसाठी खोलगट आकार दिलेला असतो. तिकडच्या भाषेतही या फळीला बैलाच्या मानेवरचे ‘जू’ हेच नाव आहे, आणि ते वाहणाऱ्याला त्याची यथार्थता पटवून द्यावी लागत नाही! लाकडाची व कापडाची जुन्या पद्धतीची होडी पस्तीस किलोंच्या आसपास भरते. आजच्या कृत्रिम धाग्यांची वीस किलोंच्या घरातही येते. पूर्वी फरच्या व्यापारासाठी या वाटेने जाणारे वल्हेकरी सुमारे चाळीस-चाळीस किलोंची दोन गाठोडी एका खेपेला पाठीवर घेत आणि हिमालयातील भारवाहकाप्रमाणे कपाळावरच्या पट्ट्याने तोलून नेत. मिनेसोटा राज्यातील बाउंडरी वॉटर्स नावाच्या संरक्षित अरण्यात हजाराहून अधिक सरोवरे आहेत. तेथील नकाशांवर या पायवाटांची लांबी अजूनही रॉड या जुन्या मापात देतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, म्हणजे जवळजवळ एका होडीची लांबी. वाट किती होड्या लांब आहे, हे नकाशाच सांगतो, असे म्हटले तरी चालेल.

आता प्रश्न असा, की या प्रवासाचे चित्र कोणी काढायचे? वल्हे दोन्ही हात मागते. होडीत तिसरा हात नसतो. म्हणून फार काळपर्यंत या प्रवासाचे चित्रण किनाऱ्यावर उतरल्यानंतरच होई. टॉम टॉमसन या कॅनडाच्या विख्यात चित्रकाराचेच पाहा. ऑन्टारिओ प्रांतात 1893 साली राखून ठेवलेल्या अल्गॉन्क्विन उद्यानात तो कनूने हिंडत असे. बरोबर रंगांची लहान पेटी आणि वहीच्या पानाएवढ्या लाकडी फळ्या असत. होडी काठाला लावावी, फळीवर झरझर रंग चढवावेत आणि पुढे निघावे, हा त्याचा क्रम. यातल्याच काही फळ्यांवरून पुढे मोठी चित्रे तयार झाली. 1917 साली त्याच उद्यानातील कनू लेक नावाच्या सरोवरात त्याचा अंत झाला.

पुढे चलच्चित्राचा कॅमेरा आला. 1911 साली एल्सवर्थ आणि एमरी कोल्ब हे दोघे बंधू ग्रीन आणि कोलोरॅडो या नद्यांतून प्रचंड दऱ्यांमधून निघाले. त्यांच्या होड्या कनू नव्हत्या, चांगल्या भक्कम वल्हवण्याच्या नावा होत्या. पण अडचण तीच होती. एकाने होडी पाण्यातून न्यावी आणि दुसऱ्याने काठावरच्या खडकावर कॅमेरा रोवून हाताने दांडा फिरवीत राहावे, अशी त्यांनी कामाची वाटणी केली. तो चित्रपट ग्रँड कॅन्यनच्या काठावरील आपल्या चित्रशाळेत एमरी कोल्बने 1976 साली मरण येईपर्यंत, म्हणजे सहा दशके, प्रवाशांना दाखविला.

कनूच्या चित्रपटांचा खरा महर्षी म्हणावा असा माणूस म्हणजे बिल मेसन. 1929 साली विनिपेग येथे त्याचा जन्म झाला आणि 1988 साली तो वारला. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळासाठी त्याने ‘पॅडल टू द सी’ हा लघुपट 1966 साली केला. कनू कशी चालवावी हे शिकवणारी ‘पाथ ऑफ द पॅडल’ ही चित्रमाला 1977 मध्ये आणि ‘वॉटरवॉकर’ हा मोठा चित्रपट 1984 मध्ये आला. या शेवटच्या चित्रपटात आपल्याला दिसतो तो लाल होडीतला एकटा माणूस: एकटाच वल्हवणारा, एकटाच तंबू ठोकणारा, एकटाच चित्रे रंगवणारा. पण जरा थांबून विचार करावा. हा एकटा माणूस दूरच्या वळणावरून आपल्याकडे येताना दिसतो, तेव्हा त्या वळणावर कोणीतरी आधीच कॅमेरा घेऊन उभे असले पाहिजे. ते एकटेपण दोघांनी मिळून निर्माण केलेले होते. शिवाय फीत महाग. शंभर फुटांच्या एका रिळात पावणेतीन मिनिटांपेक्षा अधिक चित्रण मावत नसे. त्यामुळे काय टिपायचे याचा निर्णय पाण्यात उतरण्यापूर्वीच घ्यावा लागे. होडी कोठून येईल, ऊन कोठून पडेल, कोणत्या खडकापाशी पाणी उसळेल, हे सारे काठावरून चालत जाऊन आधी पाहावे लागे.

या काठावरच्या माणसाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. कारण पुढील सारी कथा त्याच्या नाहीशा होण्याची आहे.

निक वुडमन नावाच्या एका तरुण अमेरिकनाला समुद्राच्या लाटांवर फळीने खेळण्याचा छंद होता. लाटेवर असतानाच आपले छायाचित्र घेता यावे, म्हणून मनगटाला बांधता येईल असा कॅमेरा करण्याच्या खटपटीला तो लागला. 2002 साली त्याने गोप्रो ही कंपनी काढली आणि 2004 साली तिचा पहिला कॅमेरा विक्रीला आला. तो साध्या फिल्मवर चालणारा होता. 2009 साली सुस्पष्ट चलच्चित्र घेणारा कॅमेरा आला, आणि मग दऱ्या, डोंगर, समुद्र आणि नद्या यांतून फिरणाऱ्या सर्वांनी तो डोक्यावर, छातीवर आणि होडीवर चढवला. आज असा कॅमेरा साधारण दीडशे ग्रॅम भरतो, वेगळ्या पेटीशिवाय दहा मीटर खोल पाण्यात टिकतो आणि एकदा कळ दाबली, की तास-सव्वा तास मुकाट्याने पाहत राहतो.

याचा लाभ मोठा आहे, आणि तो मोकळ्या मनाने मान्य केला पाहिजे. कॅमेरा होडीच्या पुढच्या टोकाला पक्का बसवला, की वल्हेकऱ्याचे दोन्ही हात मोकळे राहतात. ज्याच्यापाशी ना चित्रपट मंडळ, ना सहकारी, असा साधा कारकून किंवा शिक्षिकादेखील आपल्या आठ दिवसांच्या रजेचे चित्रण करू शकते. शिकणाऱ्यालाही त्याचा उपयोग होतो. वल्ह्याचे पाते पाण्यात कोणत्या कोनात जाते, फटका संपताना मनगट कसे वळते, होडी सरळ का राहत नाही, हे स्वतःचे स्वतःला संध्याकाळी तंबूत बसून पाहता येते. गुरूने शंभरदा सांगूनही जे कळत नाही, ते एकदा दिसले की कळते.

या यंत्राचे लाडही बरेच करावे लागतात. भिंगावर पाण्याचा थेंब बसला, की पुढचा सारा प्रवास त्या थेंबाआड जातो. त्यावर नदीवरच्या मंडळींचा उपाय मोठा घरगुती आहे: पाण्यात शिरण्यापूर्वी ते भिंग जिभेने सरळ चाटतात! त्यामुळे पाण्याचे थेंब न बनता पातळ पापुद्रा बनतो आणि तो ओघळून जातो. कॅमेरा पाण्यात पडला तर बुडतो, म्हणून त्याला तरंगणारा तुकडा जोडावा लागतो. दोरीने बांधावा, तर ती आखूड असावी. कारण होडी उलटल्यावर लांब दोरी हातापायाला गुरफटते, आणि धावत्या पाण्यात सैल दोरीसारखा वैरी नाही. थंडीत विजेचा साठा भराभर उतरतो, म्हणून रात्री घट-बॅटऱ्या झोपण्याच्या पिशवीत घेऊन झोपावे लागते.

इथवर सारे ठीक. पण कॅमेरा काठ सोडून होडीत आला, तेव्हा दोन गोष्टी घडल्या, आणि त्यांचा विचार फारसा झालेला नाही.

पहिली गोष्ट भिंगाची. जवळचे सगळे कवेत यावे म्हणून या कॅमेऱ्याचे भिंग अतिशय विस्तृत कोनाचे केलेले असते. त्यामुळे जवळची वस्तू मोठी होते आणि वीस-पंचवीस हातांवरची वस्तू एकदम लहान व सपाट होते. होडीचे टोक पडदा व्यापते, आणि ज्या लाटेला वल्हेकरी भ्यालेला असतो ती एखाद्या सुरकुतीएवढी दिसते. होडी उताराला लागली, की कॅमेराही होडीबरोबर खाली कलतो. त्यामुळे उतार उतार वाटत नाही. खडकावरून पाणी खाली कोसळून जेथे गरगरत राहते, ती जागा वरून येणाऱ्याच्या नजरेला शेवटच्या क्षणापर्यंत लपलेली असते, आणि कॅमेऱ्यालाही ती तशीच लपलेली राहते. त्यातच 2018 नंतरच्या कॅमेऱ्यांत चित्राचे हादरे काढून टाकण्याची उत्तम युक्ती आलेली आहे. होडी थरथरत असते, माणूस हेलकावत असतो. चित्र मात्र तळ्यावरून सरकावे तसे सरकते. दुरून डोंगर साजरे, ही म्हण आपण जाणतो. पडद्यावरचे द्रुतवाहही तसेच साजरे आणि सौम्य असतात.

हा केवळ सौंदर्याचा प्रश्न असता, तर मी आपला वेळ घेतला नसता. पण पुढच्या वर्षी त्याच नदीवर जाणारा तरुण ती चित्रफीत पाहूनच ठरवतो, की येथे होडी खांद्यावर घेण्याचे कारण नाही, पाण्यातूनच जाऊ. धावत्या पाण्याच्या सहा श्रेणी तिकडे मानलेल्या आहेत; पहिली सोपी, सहावी जवळजवळ प्राणावरची. यांतील दुसरी कोणती आणि चौथी कोणती, हे काठावरून चालत गेलेल्या डोळ्यांना कळते. होडीच्या टोकावरील भिंगाला कळत नाही. पाऊस पडून पाणी चढले, तर कालची दुसरी श्रेणी आज तिसरी होते, आणि गेल्या वर्षीच्या चित्रफितीला त्याचा पत्ता नसतो. तेथील पाणी, विशेषतः बर्फ वितळल्यानंतरच्या महिन्यांत, इतके थंड असते, की पट्टीच्या पोहणाऱ्याचाही श्वास पहिल्या मिनिटातच अडखळतो आणि थोड्या वेळात हातपाय चालेनासे होतात. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे खरे. पण ही नदी ती म्हण शिकवण्यासाठी योग्य जागा नव्हे.

पूर्वीचा काठावरचा माणूस या ठिकाणी दुहेरी कामाचा होता. तो चित्र घेई, आणि त्यासाठी त्याला नदी आधी पायी पाहावी लागे. होडी उलटलीच, तर मदतीला पाण्याबाहेर एक माणूस हजर असे. कॅमेरा होडीत गेला, तेव्हा चित्रापुरती त्याची गरज संपली. पण नदीपुरती संपली नाही. आजही जाणते वल्हेकरी अवघड जागेच्या खालच्या बाजूला फेकदोर घेऊन एकाला उभे करतात, आणि मगच पहिली होडी सोडतात.

दुसरी गोष्ट कात्रीची आहे. प्रवासातील दहा तासांपैकी पडद्यावर दहा मिनिटे राहतात, आणि ती कोणती ठेवायची हे बनवणाऱ्याच्या हाती असते. बहुधा राहते ते उसळते पाणी, संध्याकाळचे सोनेरी आभाळ आणि शेकोटी. जाते ते पोर्टेज. डासांच्या झुंडीतून, चिखलातून, डोळ्यांत घाम उतरत असताना, एकदा होडी घेऊन आणि पुन्हा मागे येऊन सामान घेऊन केलेली ती दीड मैलाची वाट कात्रीखाली जाते. वारा उलटा असल्यामुळे मोठ्या सरोवराच्या काठी बसून काढलेला अख्खा दिवस जातो. आणि हे गेले, की प्रवासाचा कणाच गेला. कॅनडाच्या वायव्य प्रदेशातील नाहानी नदीवर व्हर्जिनिया धबधबा आहे. तो सुमारे नव्वद मीटर कोसळतो. 1978 साली जागतिक वारशाच्या अगदी पहिल्या यादीत त्या उद्यानाचे नाव आले. त्या नदीने जाणारा प्रत्येक वल्हेकरी, तो कितीही कुशल असो, तेथे होडी पाण्याबाहेर काढतो आणि वाटेने वाहून नेतो. नदीपुढे मान तुकवण्याचा तो प्रसंग आहे. तो चित्रात नसेल, तर चित्रात उरतो तो केवळ नदी जिंकणारा माणूस, आणि तशी नदी कोठेही नाही.

श्रमाचे चित्र कंटाळवाणे होते, असे कोणी म्हणेल. त्याला मी 1971 सालच्या एका माहितीपटाचे उदाहरण देईन. क्युबेकमधील मानावान येथील अतिकामेक जमातीचे सीझर न्यूआशिश हे सदुसष्ट वर्षांचे गृहस्थ जुन्या पद्धतीने भूर्जसालीची होडी बांधतात, एवढाच त्याचा विषय. दिग्दर्शक बर्नार गोस्लाँ. जवळजवळ तासभर पडद्यावर हात चालत असतात: साल सोलणारे, लाकूड तासणारे, मुळ्या सोलून त्यांनी शिवणारे. निवेदकाचा आवाज नाही. तरीही पाहणारा जागचा हलत नाही, कारण प्रत्येक कामाचे कारण त्याला पुढच्या कामात दिसते. पोर्टेजही तसेच दाखवता येईल.

तेव्हा हा लहान कॅमेरा टाकून द्यावा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. त्याला अधूनमधून होडीतून खाली उतरवावा, एवढेच म्हणणे आहे. अवघड जागा पायी पाहायला जाताना तो हातात असावा, आणि त्याने वरून नव्हे तर खालून, उतरत्या पाण्याच्या तोंडासमोरून नदी टिपावी. मग उतार किती हे पाहणाऱ्याला उमगेल. दोन होड्या असतील, तर एकीचे चित्र दुसरीतून किंवा काठावरून घ्यावे. मग विस्तीर्ण पाण्यावरची होडी आपल्या खऱ्या मापाची दिसेल. उडता कॅमेरा न्यावा, असे कोणाच्या मनात येईल. पण कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत परवानगीवाचून तो उडवण्यास बंदी आहे, आणि ज्या शांततेसाठी माणसे तेथे जातात ती पाहता ती योग्यच आहे. पाठीवर ओझे असताना कॅमेरा चालू ठेवून पायांखालच्या वाटेकडे वळवावा. वाऱ्याने अडवलेल्या दिवसाची निदान दोन मिनिटे तरी ठेवावीत.

आणि आपण आकाशवाणीवर बोलत आहोत, म्हणून ध्वनीविषयी एक सूचना. धावत्या होडीवरील कॅमेरा वाऱ्याचा घोंगाट आणि वल्ह्याचे ठोके यांपलीकडे फारसे ऐकत नाही. लोक तो आवाज पुसून त्यावर गाणे चढवतात. त्याऐवजी रात्री, वारा पडल्यावर, तो तंबूबाहेर दगडावर ठेवावा. चित्र काळे येईल, येऊ द्यावे. त्या सरोवरांवर लून नावाचा पाणपक्षी असतो. त्याची लांबलचक, हुंदक्यासारखी हाक पाण्यावरून एका काठाहून दुसऱ्या काठाला जाते. ती पाच मिनिटे ऐकणाऱ्याला तो मुलूख किती मोठा आहे, हे डोळे मिटूनही कळेल.

श्रोतेहो, आपल्यापैकी कित्येकांची मुले, भाचरे आणि नातवंडे आज टोरांटोकडे किंवा मिनेसोटाकडे राहतात. सुटीत होडीने हिंडून आल्यावर ती आपल्याला अशी चित्रफीत कौतुकाने पाठवतात, आणि आपणही ती कौतुकानेच पाहावी. मात्र पाहून झाल्यावर त्यांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत. होडी खांद्यावर किती वेळा घेतलीत? पाण्यात उतरण्यापूर्वी काठावरून चालत जाऊन पाहिलेत का? आणि तुम्ही उतरत असताना काठावर कोण उभे होते? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात त्यांचा खरा प्रवास आपल्याला ऐकायला मिळेल. उरलेल्या दोघांची उत्तरे समाधानकारक असली, तर पुढची चित्रफीत पाहताना आपल्या जिवाला घोर लागणार नाही.